टांझानिया: पांगानीजवळ समुद्रकिनारी तंबूत वीकेंड, माहिती हवी आहे

धनुकली | सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी. मी सध्या टांझानियात टांगा शहरातल्या एका माध्यमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित शिकवते. इथे प्राथमिक शाळा किस्वाहिलीतून असते आणि माध्यमिक एकदम इंग्रजीतून. पोरांना गणित येतं, पण प्रश्नाची भाषा आडवी येते, म्हणून शनिवारीही शिकवणी घेतो. या आठवड्यात सत्राची मधली सुट्टी आहे, त्यामुळे शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ मोकळी आहे.

आम्ही चौघं आहोत: मी, शाळेतल्या एक टांझानियन शिक्षिका, एक डच मुलगी आणि एक कोरियन मुलगा. पांगानी नदीच्या दक्षिणेला उशोंगो नावाचं गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर तंबू टाकून दोन रात्री राहायचा विचार आहे. तंबू आहेत, स्लीपिंग बॅगा आहेत. मी सांगलीची, कृष्णाकाठची. नदी कळते, समुद्राचं काहीच माहीत नाही. कुणी त्या बाजूला राहिलं असेल तर सांगा: तंबू नेमका कुठे लावायचा, परवानगी कुणाची घ्यायची, खाण्यापिण्याचं काय, आणि तिथे कासवं येतात म्हणतात ते खरं का?

दारकर | सोमवार, रात्री

स्वागत! मी दार-एस-सलामला नोकरीला आहे. टांगा-पांगानी पट्ट्यात कामासाठी बऱ्याचदा जाणं होतं. परवा आमच्याकडे गणपतीला आला असतात तर समोरासमोर बसून नकाशाच काढून दिला असता.

टांग्याहून पांगानी पन्नासेक किलोमीटर. वाटेत सिसलची लांबच लांब शेतं लागतात, ज्याला आपण घायपात म्हणतो तेच. एके काळी टांगा बंदर याच घायपाताच्या धाग्यावर चालायचं. बसपेक्षा चौघांत गाडी ठरवलीत तर बरं, कारण पांगानीत उतरल्यावर फेरीबोटीने नदी ओलांडायची असते आणि पलीकडून उशोंगो अजून पंधराएक किलोमीटर राहतं. पलीकडे बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली मिळतात. पण पाठीवर तंबू घेऊन त्या वाळूच्या रस्त्यावर मोटारसायकलवर बसू नका. नदीवर पुलाचं काम चालू आहे. तो सुरू होईपर्यंत फेरी, आणि फेरीला वेळ लागतो हे धरूनच निघा.

वेळेचं एक पक्कं लक्षात ठेवा. इथली माणसं तास सूर्योदयापासून मोजतात. ड्रायव्हर 'सा म्बिली' म्हणाला की सकाळचे आठ, दोन नव्हे. तुमच्या शिक्षिका बाई सोबत आहेत म्हणून चिंता नाही, पण फोनवर ठरवताना दोन्ही पद्धतींनी विचारून घ्या.

रोख पैसे टांग्यातच काढा. एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे देणं, गावोगाव चालतं, पण कोळ्याच्या हातात नोट दिलेली बरी. तांदूळ, तूरडाळ, मसाला बाजारातल्या गुजराती दुकानांत मिळेल. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, १ जून २०१९ पासून देशभर बंदी आहे. सामान कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात.

रानभटक्या | मंगळवार, सकाळी

एवढी तयारी कशाला? किनारा सगळ्यांचा. अंधार पडायच्या आत एक एकांताची जागा बघायची, तंबू ठोकायचा, सकाळी उठून निघून जायचं. मी अलिबाग ते मुरूड असाच चालत गेलोय. परवानगी मागत बसलं की भटकंतीतला जीवच जातो. मनापासून सांगतो, मोकळ्या आकाशाखाली कुणाच्याही देखरेखीशिवाय झोपण्यात जे आहे ते कॅम्पसाइटवर नाही.

दारकर | मंगळवार, सकाळी

रानभटक्या, मोकळेपणाची ओढ मलाही आहे. पण इथे ते चालणार नाही, आणि कारण फक्त चोरीचं नाही. उशोंगोचा एकांत वाटणारा किनारा खरं तर कोळीवाड्याचं अंगण आहे. जाळी तिथे सुकतात, होड्या तिथे ओढतात, नारळाच्या प्रत्येक झाडाला मालक आहे. उद्या तुमच्या अंगणात चार परदेशी माणसं न विचारता रात्री झोपली तर?

धनुकली, रीत सोपी आहे. गावात पोचलात की आधी 'म्वेन्येकिती', म्हणजे गावच्या अध्यक्षांकडे जा. आपल्याकडे सरपंचाला भेटतात तसंच. वयाने मोठं कुणीही भेटलं की 'शिकामू' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. हा नमस्कार चुकवू नका, पुढची निम्मी कामं त्यावरच होतात. बाईंना बोलू द्या. गाव मुस्लिम आहे, त्यामुळे वस्तीतून जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एक कांगा, म्हणजे अंगावर गुंडाळायचं सुती कापड, जवळ ठेवा. रात्रीला गावातलाच एक राखणदार, 'अस्कारी', पैसे ठरवून घ्या. किनाऱ्यावरच्या एखाद्या छोट्या लॉजच्या आवारात तंबूला जागा मिळाली तर उत्तमच. पाणी आणि संडासाचा प्रश्न सुटतो.

बकुळा | मंगळवार, दुपारी

दारकरांना +१. मी केनियात मोंबासाच्या दक्षिणेला एका दवाखान्यात स्वयंसेवक होते. बाई म्हणून सांगते, अस्कारी ठरवला की झोप लागते. आणि गावाला ठाऊक असलं की कोण कुठे झोपलंय, तर गावच लक्ष ठेवतं. एकांत जागा शोधणं म्हणजे नेमकं तेच कवच काढून टाकणं.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री

धागा आज वाचला. मी रत्नागिरीचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. नंतर व्यापारी जहाजांवर होतो, मोंबासा-टांगा-झांझिबार फेऱ्या झाल्या आहेत. भरतीचं कुणी सविस्तर लिहिलेलं नाही आणि तंबूसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून लिहितो.

पूर्व आफ्रिकेच्या या पट्ट्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. गोव्याचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून तंबू लावाल तर फसाल, मुंबईची भरती डोळ्यांसमोर ठेवा. उतार कमी असलेल्या वाळूवर एवढं पाणी चढलं की ते पन्नास-शंभर पावलं आत येतं. संध्याकाळी जी वाळू कोरडी, सपाट, मऊ दिसते ती बहुतेक वेळा समुद्राचीच असते.

आता तारीख बघा. आज अनंत चतुर्दशी, उद्या पौर्णिमा. तुम्ही जाताय तो शुक्रवार म्हणजे वद्य द्वितीया. सगळ्यात मोठी भरती पौर्णिमेलाच येते असा समज आहे. प्रत्यक्षात ती एक-दोन दिवस मागाहून येते. म्हणजे तुमच्या दोन्ही रात्री भर उधाणाच्या आहेत.

वेळ काढायची आपली कोकणची रीत तुम्ही ऐकली असेल: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार. हे आपल्या किनाऱ्यापुरतं. पांगानीच्या बाजूला पौर्णिमा-अमावास्येची भरती बाराच्या ऐवजी चारच्या सुमारास येते. म्हणून आपल्या उत्तरात चार तास मिळवा. द्वितीयेला दीड, अधिक चार, साडेपाच. तर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण भरती आणि पुन्हा शनिवारी पहाटे सहाच्या आत. हा अंदाज आहे, टांग्याच्या भरतीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं, त्याच्याशी ताडून बघा.

तुमच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. शुक्रवारी चारच्या आत पोचा, पण तंबू लगेच लावू नका. सहा वाजेपर्यंत नुसतं बसून पाणी बघा. जिथे थांबलं तिथे शेवाळ, काटक्या, नारळाच्या करवंट्यांची एक ओळ पडते. त्याच्या वर, पहिली वेल जिथे पसरलेली दिसते तिथून आणखी मागे तंबू. आपल्याकडची मर्यादवेल तिथेही वाळूवर असते, जांभळ्या फुलांची. जिथे ती जुनी, जाड देठाची आहे तिथे पाणी नेहमी येत नाही. वेलीवर मात्र तंबू नको, वाळू धरून ठेवायचं काम तीच करते.

माडाखाली तंबू नको हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही, सांगलीकरांना सांगतो. तंबूचं दार समुद्राकडे ठेवायचा मोह होईल. सप्टेंबरात अजून 'कुसी' वारा असतो, आग्नेयेकडून येतो आणि वाळू उडवतो, म्हणून दार जमिनीच्या बाजूला. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. पोत्यात वाळू भरून ती दोरीला बांधून पुरा.

आणि नदीच्या मुखापासून लांब राहा. पांगानी किलिमांजारो आणि मेरू पर्वतांकडून पाणी आणते, ओढ जबरदस्त आहे, पाणी गढूळ आहे आणि नदीत मगरी आहेत.

धनुकली | मंगळवार, रात्री

खाडीकाठ काका, दंडवत! हा प्रतिसाद छापून शाळेत लावते. तिथीला पाऊणने गुणायचं हे उद्या मुलांना गणित म्हणूनच घालणार आहे, किनाऱ्यावरची पोरं आहेत, त्यांना लगेच पटेल.

गवतीचहा | बुधवार, सकाळी

डॉक्टर म्हणून चार गोष्टी. टांझानियाचा किनारा फॅल्सिपेरम मलेरियाचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या प्रकारचा आहे. तुम्ही तिथे राहताच आहात, त्यामुळे प्रतिबंधक गोळ्या चालू असतील असं धरते. किनाऱ्यावर जाताय म्हणून एकही डोस चुकवू नका. गोळी डॉक्सिसायक्लिन असेल तर ऊन जास्त भाजतं, लांब बाह्या आणि टोपी हवीच. तंबूची जाळी अंधार पडायच्या आत बंद झाली पाहिजे. परतल्यावर ताप आला तर 'दगदग झाली असेल' म्हणत घरी बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

पाण्यात रबरी तळव्याचे बूट घाला. खडकांत सी अर्चिन असतात, काळे, सुयांसारख्या काट्यांचे. काटा पायात मोडतो आणि निघत नाही. तिथली माणसं कच्च्या पपईचा चीक लावतात. माझा आग्रह गरम पाण्यात पाय बुडवून ठेवण्याचा आणि नंतर जखम स्वच्छ ठेवण्याचा. कोंबड्या-बकऱ्या बसतात त्या वाळूत अनवाणी फिरू नका, जिगर नावाची पिसू नखाखाली शिरते. माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी धरा.

वेळासचा_पाहुणा | बुधवार, रात्री

कासवांचा प्रश्न तसाच राहिलाय म्हणून लिहितोय. मी मंडणगड तालुक्यातला. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. त्या कामात मी हंगामात जातो. आपल्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले. तुमच्या बाजूला अंडी घालायला येतात ती मुख्यतः हिरवी कासवं, आणि कमी प्रमाणात हॉक्सबिल. हिरवं कासव शंभर किलोच्या वरचं असतं, रिडले त्याच्यापुढे लहान वाटेल.

उशोंगोला कासवांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते समोरच्या मझिवे बेटामुळे. या बेटावर पूर्वी झाडी होती आणि कासवांची मोठी विण होत असे. झाडं तोडली गेली, वाळूची धूप झाली, आणि आता ते भरतीला पूर्ण पाण्याखाली जातं. तरी माद्या जुन्या सवयीने तिथेच येतात. तिथे घातलेली अंडी बुडून मरणार, म्हणून संवर्धनाचं काम करणारी गावातली माणसं ती उचलून उशोंगोच्या किनाऱ्यावर आणून पुरतात. हे काम अंडी घातल्यावर काही तासांतच करावं लागतं. नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो, आणि तेव्हा अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. आम्ही वेळासला अंडी हॅचरीत, म्हणजे राखलेल्या कुंपणाच्या जागेत हलवतो ती कुत्रे, कोल्हे आणि चोरी यांच्यापासून वाचवायला. तिथे शत्रू पाणी आहे. हातांनी करायचं काम मात्र तेच: तितकाच खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा, आणि अंडी वरची बाजू वरच राहील अशी ठेवणं.

विणीचा जोर वर्षाच्या पहिल्या सहामाहीत असतो, सप्टेंबरात एखाददुसरं उशिराचं घरटं उघडण्याची शक्यता. पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास ते साठ दिवस लागतात. गावात विचारा, एखादं घरटं उघडायचं असेल तर ते तुम्हाला बोलावतील.

हात जोडून विनंती. किनाऱ्यावर शेकोटी करू नका. रात्री डोक्यावरचे दिवे लावून फिरू नका. पिल्लं उजळ दिशेकडे जातात. समुद्रापेक्षा तुमचा तंबू उजळ असला तर ती तंबूकडे येतील. अगदीच लागला तर लाल दिवा, खाली धरून. पिल्लू हातात घेऊन फोटो काढू नका, कुणी पैसे घेऊन हातात देत असेल तर नाही म्हणा. तंबू मागे घ्यायला खाडीकाठांनी सांगितलंच आहे. तो मागे घेण्याचं हेही एक कारण धरा, कारण भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू हीच मादीची जागा.

वाळूवर माग दिसला तर थांबून बघा. हिरव्या कासवाच्या दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या खुणा समोरासमोर जोडीने उमटतात, कारण ते दोन्ही पुढचे पाय एकदम टाकतं. हॉक्सबिलच्या आणि आपल्या रिडलेच्या खुणा आळीपाळीने, एक डावी एक उजवी. एवढ्यावरून रात्री कोण येऊन गेलं ते सांगता येतं.

रानभटक्या | गुरुवार, सकाळी

वेळासचा_पाहुणा, शेकोटीचं आणि दिव्याचं हे मला ठाऊक नव्हतं. दिवेआगर-हरिहरेश्वर पट्ट्यात जातो तेव्हा नक्की पाळेन. परवानगीबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण कासवाच्या किनाऱ्यावर मोकळेपणाला मर्यादा हवी हे मान्य.

धनुकली | सोमवार, रात्री

मंडळी, जाऊन आलो. सगळं सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर लगेच गाडीने निघालो. फेरीपाशी थांबावं लागलं तेवढ्यात पांगानीचं जुनं गाव बघून घेतलं. हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापाराचं हे बंदर. कोरीव लाकडी दारं अजून शिल्लक आहेत, भिंती ढासळल्या आहेत. जर्मनांविरुद्ध १८८८ मध्ये उठाव करणाऱ्या अबुशिरीला पुढच्याच वर्षी डिसेंबरात याच गावात फाशी दिली. आमच्या शिक्षिका बाईंनी तो इतिहास नदीकाठी उभं राहून सांगितला. शाळेत शिकवतात तेव्हाही त्यांचा आवाज असाच चढत जात असणार.

उशोंगोत अध्यक्षांकडे गेलो. बाईंनी दहा मिनिटं नुसती विचारपूस केली: घर कसं, मुलं कशी, शेत कसं, मासळी कशी. मग तंबूचा विषय. त्यांनी किनाऱ्यालगतच्या एका कुटुंबाच्या वाडीत जागा ठरवून दिली. त्या घरची आजी जेवण करेल, त्यांचाच पुतण्या अस्कारी, पैसे आधी बोलून ठरले. लॉजच्या आवारापेक्षा थोडं स्वस्तच पडलं, आणि ते पैसे थेट त्या घरात गेले याचं मला फार समाधान आहे. आपण इथे 'मदत' करायला आलोय म्हणून बाकी सगळं फुकट मिळावं अशी एक भावना स्वयंसेवकांमध्ये मी पाहिली आहे. मला ती अजिबात पटत नाही. राखण करणं हे काम आहे, स्वयंपाक हे काम आहे, जागा कुणाची तरी आहे.

खाडीकाठ काका, तुमचा हिशोब बरोबर आला. सहापर्यंत बसून पाणी बघितलं. साडेपाचच्या थोडं पुढे ते थांबलं आणि करवंट्यांची ओळ पडली, अगदी तुम्ही लिहिली तशी. तंबू मर्यादवेलीच्या मागे, माडांपासून दूर. शनिवारी पहाटे उठून पाहिलं तर पाणी वेलीच्या खालच्या कडेला टेकून मागे फिरत होतं. दुपारी ज्या सपाट वाळूवर तंबू टाकायचा कोरियन मित्राचा हट्ट होता ती जागा गुडघाभर पाण्यात. आणि सूर्य समुद्रातून वर येत होता! आपल्याकडे तो समुद्रात बुडताना बघायची सवय.

शनिवारी ओहोटी बाराच्या आसपास होती म्हणून दहाला मझिवेला निघालो. मोठी होडी होती, शीड लावून आणि मोटारही. किनाऱ्यावर मात्र लहान न्गालावा बघितल्या: एका खोडाची होडी आणि दोन्ही बाजूंना उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारी लाकडं. खाडीकाठ काका, तुमच्याकडच्या होडीला एकाच बाजूला असते ना? बेट म्हणजे निळ्या पाण्यातला पांढरा वाळूचा पट्टा, एक झाड नाही, एक सावली नाही. गवतीचहाताई, बूट घातले होते, अर्चिन भरपूर होते, कुणालाही काही लागलं नाही. इथे झाडी होती हे होडीवाल्या काकांनी स्वतः लहानपणी ऐकलेलं. भरती वळायच्या आत त्यांनी आम्हाला उठवलं. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तर पट्टा निम्मा झाला होता.

आता कासवाचं. संध्याकाळी गावातला संवर्धनाचं काम करणारा माणूस एक घरटं तपासणार होता. पिल्लं आधीच निघून गेली होती, घरटं पूर्ण उकरून आत काय राहिलं ते मोजायचं होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त मोलाचं निघालं. तो पोटावर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात वाळूत घातला. एकेक कवच बाहेर काढून दहादहाच्या ढिगात मांडत गेला. कवचं काचेसारखी फुटत नाहीत. ओल्या चामड्यासारखी, दुमडलेली, आतून वाळू चिकटलेली. शंभराच्या वर फुटलेली, काही न उबवलेली गोल अंडी, आणि तळाशी दोन पिल्लं जिवंत, वरच्या वाळूखाली अडकून राहिलेली. त्याने ती पाण्यापर्यंत नेली नाहीत. ओल्या वाळूच्या अलीकडे ठेवली आणि आम्हाला मागे बसायला सांगितलं. स्वतः चालत जाणं त्यांना गरजेचं असतं म्हणे. एक सरळ गेलं, दुसरं खेकड्याच्या बिळात पडलं, परत वर आलं, मग गेलं. मोजलेला आकडा त्याने वहीत लिहिला, मला दाखवला आणि बेरीज बरोबर आहे का विचारलं. होती.

शेकोटी केली नाही. आजीची जिको, म्हणजे आपली कोळशाची शेगडी, वाडीच्या आत होती. तिथेच जेवण. आजीकडे नारळ खवायचं 'म्बुझी' आहे: घडीचं लाकडी बैठं स्टूल, त्याच्या तोंडाला दातेरी लोखंडी पातं. त्यावर बसून खवायचं. आमच्या आजीची विळी आडवी ठेवली तर असंच. मी न विचारता बसले आणि खवायला लागले तेव्हा आजीने मान हलवून पसंती दिली. मग खव झावळीच्या विणलेल्या लांबट थैलीत भरून पिळला, पहिलं घट्ट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. पातळ दुधात भात आणि राजम्यासारखे लाल दाणे शिजवले, घट्ट दूध शेवटी माशावर. भाताला नारळाचा नुसता वास नव्हता, गोडवा होता. मी नेलेली तूरडाळ दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन केली, आजीने जिऱ्याचा डबा पुढे केला. जिरं त्यांच्याकडे आमच्याइतकंच लागतं.

रात्री बुशबेबी, म्हणजे झाडावरचे माकडाच्या जातकुळीतले छोटे निशाचर प्राणी, ओरडतात, लहान बाळ रडावं तसं. आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर तंबूतले सगळे उठून बसतील.

खाडीकाठ | सोमवार, रात्री

वाचून बरं वाटलं. हो, आमच्याकडे उलांडी एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना असली की लाटेत स्थिर, पण किनाऱ्याला लावायला जागा जास्त लागते. करवंट्यांची ओळ बघितलीत ना, आता कुठल्याही किनाऱ्यावर गेलात तरी आधी तीच शोधा.

वेळासचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी

घरटं उकरून मोजणं बहुतेक पर्यटकांना कधी दिसत नाही. किती उबली, किती नासली, कुठल्या थरात नासली, यावरूनच पुढच्या वर्षी घरटं कुठे आणि किती खोल करायचं ते ठरतं. वाळूच्या तापमानावर नर-मादी ठरतात, गरम वाळूत माद्या जास्त, त्यामुळे सावलीची जागाही बघावी लागते. तुम्ही पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये भारतात असाल तर वेळासला या. गावातच घराघरांत राहायची-जेवायची सोय असते. तुमच्या मुलांनी तिथीचं गणित सोडवलं का?

धनुकली | मंगळवार, रात्री

सोडवलं! एका मुलाने वर विचारलं की चारच का मिळवायचे, पाच का नाही. त्याचे वडील मासेमारी करतात. त्याला वडिलांकडून पंधरा दिवसांच्या भरतीच्या वेळा लिहून आणायला सांगितलंय, मग वर्गात आलेख काढू.

सागरगोटा | बुधवार, दुपारी

वाचनखूण साठवली. मी डिसेंबरात मोशीला एका आरोग्य प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. पर्यटक व्हिसावर गेलं तर चालतं का? आणि डिसेंबरात किनाऱ्यावर तंबू जमेल का?

दारकर | बुधवार, रात्री

सागरगोटा, पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेचं काम करता येत नाही. स्वयंसेवकांसाठी 'क' वर्गाचा निवास परवाना लागतो, त्याची प्रक्रिया तुमच्या प्रकल्पाने करायची असते. निघण्याआधीच त्यांच्याकडून लेखी घ्या, तिथे पोचल्यावर बघू असं कुणी म्हणालं तर थांबा. केनियामार्गे जाणार असाल आणि विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र विचारतात. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

मोशीहून टांगा साडेतीनशे किलोमीटर आहे, म्हणजे शुक्रवारची रात्र टांग्यातच काढावी लागेल, सुट्टी तीन दिवसांची असेल तरच जा. डिसेंबरात वारा बदलून ईशान्येचा 'कास्काझी' झालेला असतो, म्हणजे तंबूचं दार नैर्ऋत्येला. महिन्याच्या सुरुवातीला 'वुली'चा, म्हणजे वर्षाअखेरच्या छोट्या पावसाळ्याचा पाऊस रेंगाळतो, शेवटच्या आठवड्यात ऊन कडक पण आकाश स्वच्छ. तारीख ठरली की तिथी कळवा, भरतीची वेळ खाडीकाठ काढून देतील. आणि गॅसचं डबडं विमानात नेता येत नाही, स्वयंपाक करायचाच असेल तर टांग्याच्या बाजारात छोटी जिको विकत घ्या आणि परतताना ज्यांच्या वाडीत राहिलात त्यांना देऊन या.